गोव्यात बर्फावरच्या हॉकीसाठी बंदिस्त, बहुउद्देशीय अरेना: उभारावे का, आणि उभारले तर चालवायचे कसे?

खारे_वारे (धागाकर्ती, फोंडा)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळत असलेला विषय आज मांडते.

२०२५ च्या जूनमध्ये आपल्या महिला आइस हॉकी संघाने आशिया चषकात कांस्यपदक मिळवले. स्पर्धा झाली अल ऐनला, म्हणजे अमिरातीतल्या वाळवंटी शहरात, ऐन उन्हाळ्यात. संघातल्या बहुतेक मुली लडाख आणि स्पितीच्या. घरी त्यांना हिवाळ्यातले दोन-अडीच महिने गोठलेल्या तळ्यांवर खेळायला मिळते, बाकी वर्षभर बर्फासाठी वणवण. आंतरराष्ट्रीय मापाची बंदिस्त रिंक, म्हणजे बर्फाचे मैदान, म्हटले की देशात नाव घ्यावे लागते ते देहरादूनचे.

आपल्याकडे २०१४ च्या लुसोफोनिया (पोर्तुगीज भाषिक देशांच्या) स्पर्धांसाठी ताळगाव आणि नावेलीचे इनडोअर स्टेडियम उभे राहिले. २०२३ मध्ये ३७ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्या. मोठी स्पर्धा घ्यायचा अनुभव आहे, दोन विमानतळ आहेत, राहायची सोय आहे. आणि चाकांवरचे स्केटिंग शिकणारी मुले गावोगाव आहेत. माझी मुलगी त्यातलीच. पुण्यात जन्मलेला रोल बॉल ती खेळते. चाकांवर तोल साधलेले मूल बर्फावर लवकर उभे राहते, असे सगळेच प्रशिक्षक सांगतात.

माझ्या मनातले चित्र असे: ६० मीटर बाय ३० मीटरची एक रिंक, मोजक्या खुर्च्या, मुलामुलींसाठी स्वतंत्र आणि नीट कपडे बदलायच्या खोल्या, आणि जेव्हा बर्फ नसेल तेव्हा इतर खेळ होतील अशी जमीन. हे गोव्याला झेपेल का? वीज, पाणी, जागा, पैसा, प्रत्येक बाजूने बोला. नुसते "छान कल्पना" नको.

खांडेपार

ताई, तुम्ही मनापासून लिहिले आहे म्हणून मीही मनापासून विरोध नोंदवते. मी शाळेत शिकवते. आमच्या शाळेच्या मैदानाला कुंपण नाही, मुलींना खेळून आल्यावर तोंड धुवायला नळ नाही. एप्रिल-मे उजाडला की ओपाच्या पाण्यावर अवलंबून असलेल्या कितीतरी वाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. म्हादईच्या पाण्यासाठी आपण इतकी वर्षे भांडतो आहोत. आणि वीज? गोवा स्वतः जवळजवळ काहीच वीज बनवत नाही, बाहेरून घेतो. जादा वीज आणायची तर वाहिन्या लागतात, आणि मोलेच्या जंगलातून जाणाऱ्या तमनार वाहिनीला आणि रेल्वेच्या दुपदरीकरणाला विरोध करणाऱ्या आंदोलनात २०२० मध्ये याच राज्यातली पोरे रात्री रेल्वेरुळांवर बसली होती. चांदरचे ते दृश्य मी विसरलेले नाही.

अशा राज्यात उणे पाच अंशांचा बर्फ बारा महिने सांभाळायचा, तो किती मुलांसाठी? आधी याचे उत्तर द्या.

झुआरीपल्याड

खांडेपार ताईंशी सहमत. फुटबॉलच्या मैदानांना दिवे नाहीत तिथे बर्फ कसला.

थंडगार_काम (वातानुकूलन अभियंता)

पाणी आणि वीज यांवर आकडे मांडतो. औषध कारखाने आणि शीतगृहे यांच्यासाठी प्लँट बसवणे हा माझा धंदा आहे, त्यामुळे हिशेब हाताशी आहे.

रिंकवरचा बर्फ जेमतेम तीन सेंटीमीटर जाड असतो. ६० गुणिले ३० गुणिले ०.०३ केले की ५४ घनमीटर, म्हणजे ५४ हजार लिटर पाणी. पाच-सहा टँकर समजा. तेही एकदाच. पाणी पातळ थरांत फवारतात, एक थर गोठला की दुसरा, मध्ये पांढरा रंग आणि रेघा मारतात. खेळाच्या मध्यंतरात बर्फ तासून वरून गरम पाण्याचा हात फिरवणारी गाडी असते, १९४९ मध्ये कॅलिफोर्नियात फ्रँक झांबोनी यांनी बनवली ती. ती दर फेरीला चारशे ते सहाशे लिटर पाणी घेते.

वीज: २८ अंशांचे ५४ हजार लिटर पाणी उणे ५ पर्यंत न्यायला चांगल्या प्लँटला साधारण अडीच ते तीन हजार युनिट लागतात. म्हणजे बर्फ बनवणे स्वस्त आहे. पैसा जातो तो बर्फ टिकवण्यात. छत गरम असते, ते खालच्या बर्फावर उष्णता सोडत राहते. म्हणून छताला आतून उष्णता कमी फेकणारा ॲल्युमिनियमचा पडदा लावतात. प्रत्येक प्रेक्षक बसल्या जागी सुमारे १०० वॅट उष्णता देतो. तीन हजार माणसे बसवली की ३०० किलोवॅट, म्हणजे जवळपास अख्ख्या रिंकच्या प्लँटइतका भार माणसांचाच. म्हणून "मोजक्या खुर्च्या" हे धागाकर्तीने लिहिलेले दोन शब्द सगळ्यात महत्त्वाचे आहेत. हजाराच्या वर आसने मागू नका.

आता जे कोणी बोलत नाही ते. प्लँटने बर्फातून ओढलेली उष्णता बाहेर टाकायला कूलिंग टॉवर लागतो, आणि तिथे पाणी वाफ होऊन जाते. ४०० किलोवॅट उष्णता सतत बाहेर टाकली तर दिवसाला १४ हजार लिटरच्या आसपास पाणी उडते. खांडेपार ताई, तुमची पाण्याची शंका बर्फाबाबत फार मोठी नाही, पण टॉवरबाबत शंभर टक्के खरी आहे.

खांडेपार

आकड्यांबद्दल आभार. दिवसाला १४ हजार लिटर हे मला चालणार नाही, निदान नळाचे तरी नाही.

पण मग एक विचारते. आपल्याकडे पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पडतो. एवढ्या मोठ्या इमारतीचे छत किती असेल? आणि सोडून दिलेल्या चिऱ्यांच्या खाणी पाण्याने भरून पडलेल्या असतात, दरवर्षी त्यात कोणी ना कोणी बुडाल्याची बातमी येते. अशी एखादी खाण कुंपण घालून साठवणीला का वापरू नये?

थंडगार_काम

हे मला सुचायला हवे होते असे कोणी म्हणेल, पण शिक्षकाला आधी सुचले याचा आनंद आहे. छत साडेचार हजार चौरस मीटर धरा. तीन मीटर पाऊस म्हणजे साडेतेरा हजार घनमीटर पाणी. टॉवरला सात-आठ महिन्यांना लागेल साडेतीन हजार घनमीटरच्या आतबाहेर. म्हणजे छतावरच्या पावसाचा चौथा हिस्सा साठवला तरी भागते. साठवण ४० मीटर बाय ३० मीटर, तीन मीटर खोल. जांभ्याच्या पठारावर अशी चिरेखाण शोधायला लांब जावे लागणार नाही. तळाला अस्तर मात्र घालावे लागेल, जांभा पाणी धरत नाही.

मालीमचो

मी जेटीजवळच्या बर्फाच्या कारखान्यात सुपरवायझर. ट्रॉलरांना लाद्या देतो. बाबांनो, तुम्ही जे परदेशी तंत्र म्हणून सांगताय ते आमच्याकडे रोज चालते. अमोनियाचा कॉम्प्रेसर, मिठाच्या पाण्याची टाकी, त्यात पाण्याचे डबे बुडवायचे, रात्रभरात लादी तयार. रिंकमध्ये टाकीऐवजी तेच थंड ब्राइन काँक्रीटखालच्या पाइपांतून फिरवायचे, एवढाच फरक दिसतो मला. मालीम, वास्कोचा खारीवाडा, कुटबण, शापोरा, सगळीकडे हे काम जाणणारी माणसे आहेत. रात्री दोनला कॉम्प्रेसरचा आवाज बदलला तर झोपेतून उठून कुठला वॉल्व्ह ते सांगणारे आहेत. देहरादूनला माणसे बाहेरून आणावी लागली असतील. आपल्याला लागणार नाहीत.

दुसरी गोष्ट खारी हवा. समुद्रापासून लांब बांधा. आमच्याकडे कंडेन्सरची नळी दोन-तीन पावसाळ्यांत खाऊन टाकते. रंग, झिंक, काही केले तरी खाते.

टोरांटोत_सावर्डेकर

मूळचा सावर्ड्याचा, आता टोरांटोजवळ. इथे आमच्या वॉर्डात पालिकेची अरेना आहे आणि दोन्ही मुले तिथे खेळतात. इथली रीत सांगतो, उपयोगी पडेल.

बर्फ तासावर भाड्याने जातो. संध्याकाळचे तास महाग, पहाटेचे स्वस्त. म्हणून लहान मुलांचा सराव सकाळी सहाला असतो आणि आईबाप कॉफीचा पेला घेऊन काचेमागे उभे. सामना म्हणजे वीस मिनिटांचे तीन भाग, एका वेळी बर्फावर प्रत्येक संघाचे सहा जण, दर पाऊण मिनिटाला खेळाडू बदलतात. तीन इंच व्यासाची रबराची चकती, तिला पक म्हणतात, ती उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात.

आता मुद्दा. इथल्या पुष्कळ अरेना बारा महिने बर्फ ठेवत नाहीत. उन्हाळा आला की बर्फ वितळवून काढून टाकतात. खालची काँक्रीटची लादी मोकळी होते, तिच्यावर लॅक्रॉस, बॉल हॉकी, प्रदर्शने, लग्नेसुद्धा. बहुउद्देशीय म्हणजे काय याचा अर्थ इथे असा आहे. बर्फावर उष्णतारोधक फळ्या टाकून वर बास्केटबॉल खेळवण्याचा प्रकारही आहे, पण तो न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनसारख्यांना परवडतो. तिथे रात्रीत जमीन बदलायला माणसांची फौज असते.

आणि अमोनियाबद्दल गंभीरपणे सांगतो. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या फर्नी गावच्या अरेनात जुन्या चिलरमधून, म्हणजे ब्राइन थंड करणाऱ्या यंत्रातून, अमोनिया गळला आणि तीन कामगार गेले. चिलर जुना आहे हे माहीत होते, बदलणे पुढे ढकलले गेले होते. इकडे कोणी हा विषय हलका घेत नाही.

मालीमचो

सावर्डेकर, ते खरे. अमोनिया नाकाला लगेच कळतो हे आमचे नशीब, पण बंद खोलीत नशीब पुरत नाही. प्लँटची खोली मुख्य इमारतीपासून सुटी हवी, दोन दारे, पंखा बाहेरून चालू होणारा, आणि मास्क खोलीच्या आत न ठेवता बाहेर ठेवलेला. हा शेवटचा मुद्दा लिहून ठेवा, लोक आतच ठेवतात.

खारे_वारे

सावर्डेकर भाऊ, उन्हाळ्यात बर्फ काढतात हे वाचून थांबलेच. कारण मला नेमका पावसाळा सतावतो. जूनपासून चतुर्थीपर्यंत आमच्याकडे मुलांना खेळायला जागाच नसते. मैदानात चिखल, शाळेच्या व्हरांड्यात पन्नास जण, स्केटिंगवाल्यांना तर पूर्ण बंदी कारण ओल्या फरशीवर चाके घसरतात. माझी मुलगी जूनमध्ये स्केट्स तेल लावून गुंडाळून ठेवते. दिवाळी येईपर्यंत पाय विसरलेले असतात.

म्हणजे छप्पर आपल्याला सर्वांत जास्त पावसाळ्यात हवे. थंडगार भाऊ, पावसाळ्यात बर्फ ठेवायला काय पडेल?

थंडगार_काम

पावसाळ्यात सगळ्यात महाग. कारण सांगतो.

जुलैत आपल्या बाहेरच्या हवेत दर घनमीटरला २२ ग्रॅमच्या आसपास पाण्याची वाफ असते. रिंकच्या आत ती ६ ग्रॅमवर आणावी लागते. नाहीतर बर्फावर धुके धरते, काचा पांढऱ्या होतात, छतावर थेंब जमतात आणि तेच थेंब बर्फावर पडून पुटकुळ्या येतात. त्या पुटकुळीवर स्केटचे पाते अडकले की खेळाडू तोंडावर. लोक थंडीचा विचार करतात, पण उष्ण प्रदेशातली रिंक बिघडते ती ओलाव्याने. सिलिका जेलचे फिरते चाक लावून हवा कोरडी करता येते. दाराला दुहेरी खोली हवी. तरीही दर वेळी दार उघडले की बाहेरचा पाऊसच आत येतो असे समजा.

इथे एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. थंड देशांत प्लँटची फुकटची उष्णता प्रेक्षकांच्या खुर्च्या आणि पोहण्याचे तलाव गरम करायला वापरतात. आपल्याला ऊब कोणाला नको. पण ते सिलिका जेल वाळवायला उष्णता लागते, गाडीतले पाणी तापवायला लागते, आणि लादीखाली माती गोठून फुगू नये म्हणून तिथे कोमट पाइप फिरवावे लागतात त्यांनाही लागते. तिन्ही कामे याच उष्णतेत बऱ्याच अंशी भागतात.

छतावर सौर पॅनेल टाका. किलोवॅटला दहा चौरस मीटर धरले तर चारशे किलोवॅट बसतील, कोरड्या महिन्यांत दिवसाला सोळाशे युनिटच्या आसपास मिळतील. जुलैत मात्र निम्म्यावर येतील. म्हणजे गरज सर्वांत जास्त तेव्हा ऊन सर्वांत कमी.

सगळे एकत्र ठेवले तर माझे मत स्पष्ट होते. दसऱ्यानंतर बर्फ घाला, एप्रिल संपेपर्यंत ठेवा, मग काढा. मे महिना तापतो आणि दमटही असतो. मेपासून सप्टेंबरपर्यंत लादी मोकळी: स्केटिंग, रोल बॉल, फुटसाल, बॅडमिंटन, कबड्डी. फक्त पंखे आणि दिवे. दरवर्षी लादी उबली की खालची गोठलेली मातीही सुटते, इमारतीला तेही बरे.

मालीमचो

एक जून ते एकतीस जुलै मासेमारी बंद असते. तेव्हा आमचे कारखानेही थंडावतात, कॉम्प्रेसर उघडून बेअरिंग, रिंगा, वॉल्व्ह सगळे पाहतो. तुमच्या प्लँटचे ओव्हरहॉलिंग नेमके त्याच महिन्यांत पडले तर माझ्यासारखी निम्मी माणसे तुम्हाला मोकळी मिळतील. पगारही त्यांना हवाच असतो त्या दिवसांत.

खांडेपार

हे ऐकून माझा विरोध निम्मा झाला, लपवत नाही. पावसाळ्यात पाच महिने साधी मुले वापरणार असतील, कदंब बसचा पास काढून येणारी, तर तो बर्फाचा बंगला राहत नाही. पण हे लेखी हवे. "मे ते सप्टेंबर शाळांना विनाशुल्क" असे निविदेतच. नंतर देऊ म्हणून कोणी देत नाही.

निवृत्त_सुभेदार (डिचोली)

जय हिंद. नोकरीची बरीच वर्षे लेहच्या बाजूला काढली. आइस हॉकी तिकडे सैन्यामुळे रुजली, लडाख स्काउट्स आणि आयटीबीपीचे (भारत-तिबेट सीमा पोलिसांचे) संघ आजही वरचढ असतात. पूर्वी गावातली मुले बुटांच्या तळाला लोखंडाची पट्टी ठोकून खेळायची. रात्री शेतात पाणी सोडायचे, पहाटे बर्फ. मीही हातात नळी धरून उभा राहिलो आहे. उणे वीसमध्ये पाणी एका जागी सोडले तर उंचवटा होतो, म्हणून नळी हलती ठेवावी लागते, आणि बोटे बधिर झाली तरी हात थांबवायचा नाही. सकाळी त्यावर सहा-सात वर्षांच्या मुली येऊन सुसाट सुटायच्या.

तो हंगाम आता आखडतो आहे. हिवाळा उशिरा येतो, बर्फ लवकर मऊ पडतो. खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा लेहच्या एनडीएस मैदानावर होतात, उत्तमच आहे, पण वर्षाच्या बाकी महिन्यांचे काय? थंडगार साहेबांचे वेळापत्रक मी लडाखच्या बाजूने पाहतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च-एप्रिल, हे चार महिने त्यांच्याकडे नैसर्गिक बर्फ नसतो आणि आपल्याकडे असेल. त्या मुलींचे शिबिर इथे लावा. आपली मुले त्यांच्याबरोबर सराव करून जे शिकतील ते कुठल्याही परदेशी प्रशिक्षकाकडून शिकणार नाहीत. आणि समुद्रसपाटीवर खेळायची सवय त्यांनाही होईल. परदेशातल्या स्पर्धा साडेअकरा हजार फुटांवर होत नाहीत.

एकाच_पायावर (स्केटिंग प्रशिक्षिका, मडगाव)

सगळे हॉकीचेच बोलताहेत म्हणून लिहिते. फिगर स्केटिंगच्या मुलीला पाच महिने बर्फ मिळाला नाही तर उड्या जातात. चाकांवर पायांची ताकद टिकते, पण पात्याची धार धरण्याची जाणीव बर्फावरच राहते. माझी विनंती: बाजूला एक छोटी सराव रिंक, शंभर-दीडशे चौरस मीटरची, स्वतंत्र दाराची, ती बारा महिने चालू ठेवा. तिची हवा कोरडी ठेवायला मोठ्या हॉलच्या मानाने कितीतरी कमी लागेल. दुसरे, हॉकीला बर्फ कडक हवा असतो, उणे पाच-सहा, आणि फिगरला थोडा मऊ, उणे तीन-चार. वेळापत्रक लावताना दोघांना एकाच संध्याकाळी आलटून-पालटून तास देऊ नका, दिवस वाटून द्या. शॉर्ट ट्रॅकवाल्यांना, म्हणजे बर्फावर वेगाच्या शर्यती करणाऱ्यांना, पूर्ण ६० बाय ३० लागते आणि कडेला जाड गाद्या, त्या ठेवायला गोदाम हवे. नकाशात गोदाम नेहमी विसरतात.

थंडगार_काम

छोट्या रिंकची कल्पना पटली. तिच्यासाठी छोटा वेगळा कॉम्प्रेसर ठेवला तर पावसाळ्यात मोठा प्लँट पूर्ण उघडता येईल.

तिसरी_घंटा

मी नाटकवाला. "बहुउद्देशीय" म्हटले की आमच्या लोकांच्या आशा पल्लवित होतात, म्हणून आत्ताच सांगतो: या हॉलमध्ये नाटक होणार नाही, आणि होणार असे आश्वासनही देऊ नका. उंच पत्र्याचे छत, काँक्रीट, काचा. संवादाचा शेवटचा शब्द भिंतीवरून परत येईल. लाउडस्पीकरवरचा गाण्याचा कार्यक्रम होईल, प्रदर्शन होईल, लग्नाचा मांडवही पडेल. कला अकादमी बंद होती त्या काळात आम्ही जिथे मिळेल तिथे प्रयोग केले, त्यातून हे पक्के शिकलो की नाट्यगृहाची गरज खेळाच्या हॉलने भागत नाही. एका इमारतीला सगळेच करायला लावले की तिचे मूळ काम बुडते. खेळासाठीच बांधा, आमचा पाठिंबा आहे.

झुआरीपल्याड

जागा कुठे? ताळगावात वाहतूक आधीच तुंबलेली. नावेलीच्या हॉलमध्येच बर्फ घातला तर?

थंडगार_काम

तयार हॉलमध्ये कायमची रिंक बसत नाही. लादी फोडून खाली उष्णतारोधक थर, कोमट पाइप, मग थंड पाइप, मग वर नवी लादी असे करावे लागते, आणि छत-भिंती हवाबंद नसतात. चटईसारखे पाइप अंथरून तात्पुरता बर्फ करता येतो, एखाद्या आठवड्याच्या कार्यक्रमापुरता. वर्षानुवर्षे चालवायचे तर इमारत मुळातच वेगळी हवी.

जागा म्हणाल तर माझ्या मते वेर्ण्याचे पठार. औद्योगिक वसाहत असल्याने जड दाबाची वीज जवळ, समुद्रकिनारा अंगावर नाही, झुआरीच्या नव्या पुलामुळे पणजीहून आणि मडगावहून सारखेच सोयीचे, खाली जांभा असल्याने पाया घट्ट.

खारे_वारे

फोंड्याची असल्याने कुर्टीचे नाव घ्यायचा मोह होतोय. सत्तरी, सांगे, धारबांदोड्याच्या मुलांना वेर्णे लांब पडते. धारबांदोड्याहून दोन बस बदलून मूल सरावाला येईल का, हा विचार जागा ठरवताना विजेच्या तारेइतकाच झाला पाहिजे.

टोरांटोत_सावर्डेकर

जागेवर भांडण होणारच, पण त्याआधी एक कठीण प्रश्न. चालवणार कोण? देहरादूनचीच रिंक पाहा. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधली, स्पर्धा झाल्या, आणि चालवायचा खर्च झेपेना म्हणून दशकाहून अधिक काळ कुलूप. अलीकडे दुरुस्त होऊन २०२५ च्या ऑगस्टमध्ये तिथे आशियाई खुली शॉर्ट ट्रॅक स्पर्धा झाली, तेव्हा देशाला कळले की आपल्याकडे एवढी रिंक आहे. एक अख्खी पिढी मध्ये निघून गेली. मॉलमध्ये टाकली तर? सिंगापूरच्या जेक्यूब मॉलमध्ये ऑलिंपिक मापाची रिंक २०१२ मध्ये सुरू झाली, २०२३ मध्ये मॉल बंद, रिंकही बंद. म्हणजे सरकारने बांधून विसरणेही वाईट आणि मॉलच्या नशिबाला बांधणेही वाईट.

माझे म्हणणे: बांधकामाच्या रकमेबरोबरच पहिल्या दहा वर्षांच्या विजेची आणि माणसांची रक्कम वेगळ्या ठेवीत टाकल्याशिवाय पायाचा दगडच बसवू नये.

खांडेपार

हे वाक्य मी जसेच्या तसे निवेदनात घेणार. कोनशिलेवर नावे कोरायला सगळे येतात, बाराव्या महिन्याचे बिल भरायला कोणी नसते. आमच्या तालुक्यातल्या एका हॉलचे दिवे बिल थकल्यामुळे गेले होते आणि वार्षिक स्पर्धा आम्ही जनरेटर भाड्याने आणून घेतली.

हिरवी_पायवाट

मग टप्प्याने का नको? आधी हॉल आणि लादी. लादीत पाइप आणि उष्णतारोधक थर आत्ताच गाडून ठेवा, कारण ते नंतर घालता येत नाहीत. प्लँट दोन-तीन वर्षांनी. तोवर चाकांवरची हॉकी. पोर्तुगालमध्ये चाकांवरची हॉकी केवढी मोठी आहे, त्यांचा संघ जगात वरच्यांपैकी, आणि आपल्या कितीतरी घरांचे तिकडे येणेजाणे आहे. त्यांचे प्रशिक्षक इथे आनंदाने येतील.

एकाच_पायावर

धोका आहे. दुसरा टप्पा आला नाही तर पाइप काँक्रीटमध्ये तसेच राहतील आणि आपल्याला मिळेल आणखी एक सर्वसाधारण हॉल. मी मुलांना "दोन वर्षांनी बर्फ" असे सांगू शकत नाही. दहा वर्षांची मुलगी दोन वर्षांत बारा होते, आणि उड्या शिकायचे वय निघून जाते.

मालीमचो

बायचे खरे आहे, पण हिरवी पायवाटचेही वाईट नाही. मधला मार्ग सांगतो: छोटी रिंक पहिल्याच दिवसापासून चालू करा. तिचा प्लँट आमच्या लहान कारखान्याएवढासुद्धा नसेल. तिच्यावर माणसे तयार होतील, चुका स्वस्तात होतील, विजेचे खरे बिल हातात येईल. मग मोठ्याचा हिशेब कोणाला अंदाजाने करायला नको.

निवृत्त_सुभेदार

उत्तम. छोट्या रिंकवर लडाखची एखादी गोलरक्षक आणून बसवा. गोलरक्षक घडवायला मोठे मैदान लागत नाही. लागतो तो पेहराव, आणि तो महाग. पॅड, हातमोजे, मुखवटा, छातीचे कवच. एका मुलाच्या बापाला परवडत नाही, म्हणून तो संस्थेनेच घ्यायचा असतो.

खारे_वारे

मंडळी, इतके ठोस मिळेल असे वाटले नव्हते. निवेदनाचा मसुदा मी या रविवारी करते. त्यात हे घालते: आसने हजारच्या आत. छोटी रिंक पहिल्या टप्प्यात, बारा महिने. मोठ्या लादीखाली पाइप आणि रोधक थर सुरुवातीलाच, आणि मोठ्या प्लँटची तारीख निविदेतच बांधलेली. बर्फ दसरा ते एप्रिल, मे ते सप्टेंबर शाळांना विनाशुल्क. टॉवरला नळाचे पाणी नाही, छताचे आणि चिरेखाणीचे. प्लँटची खोली सुटी. दहा वर्षांच्या खर्चाची ठेव आधी. कदंबची थेट बस सत्तरी, सांगे आणि धारबांदोड्याहून. जागेचे नाव मी घालत नाही, वेर्णे आणि कुर्टी दोन्हींची तुलना मागूया.

खांडेपार ताई, पाण्याचा आणि शाळांचा भाग तुम्ही लिहाल का? तुमची सही पहिली असावी अशी माझी इच्छा आहे.

खांडेपार

लिहिते. पण त्यात मुलींच्या खोल्यांचे मी जरा सविस्तर घालणार आहे: किती नळ, किती कड्या, दिवा बाहेरून बंद करता येणार नाही असा. नकाशा मंजूर होण्याआधी तो एखाद्या बाईने पाहिलाच पाहिजे.

मालीमचो

प्लँटच्या खोलीचे माप आणि दारांची जागा मी कागदावर काढून देतो. फोटो इथेच चढवतो, उद्या दुपारी ट्रॉलर भरून गेले की.